आमच्या अंगणात ठेकुआ

आज कार्तिक शुद्ध षष्ठी. सकाळी गडमुडशिंगीत आमच्या अंगणात विटांची चूल मांडली.

मी इथे फारसं लिहीत नाही. शेजारच्या खोल्यांत बिहारची कुटुंबं भाड्यानं राहतात. आज त्यांची छठपूजा. नैवेद्याचे ठेकुआ, म्हणजे गुळाच्या तळलेल्या जाड पुऱ्या, रोजच्या चुलीवर करत नाहीत. एका खोलीत वेगळी जागा कुठली? त्यांच्यातली रेणूदेवी काल आमचं अंगण मिळेल का विचारायला आली. जागा मिळाली नसती तर तिचं यंदाचं व्रत राहिलं असतं.

मी सांगितलं, "माझी पत्नी उन्हाळ्यात गेली. यंदा आमच्यात सण नाही, कढई चढत नाही. तुम्हाला चालेल?"

"सुतक फिटलं न्हवं काका? मग चालतंय की."

आज तेल तापलं आणि समोरच्या आक्का तरातरा आल्या. "अवो सर, दुःखाच्या घरात तळण?"

चुलीपुढून रेणूदेवी म्हणाली, "आक्का, सण माझा हाय. काकांचं नुसतं अंगण हाय."

आक्कांनी भिंतीला टेकवलेल्या उसाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "पूजेला ऊस लागतोय न्हवं? इकत आणलासा व्हय? आमच्या गावात ऊस इकत घेत्यात?" आणि शेतातून शेंड्यासकट उसाची मोळी घेऊन आल्या.

दिवाळीत आमच्या घरात तळणाचा वास नव्हता. आज सकाळभर होता. मला फार बरं वाटलं. रेणूदेवीला ते सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय. दुःखाच्या पहिल्या वर्षी तुमच्या दारात असा कुणाचा सण आला होता का?

संध्याकाळी मावळत्या सूर्याला अर्घ्य द्यायला सगळे पंचगंगेवर गेले. मी अंगण झाडलं आणि एकट्यापुरता भात लावला.