पाठमोरं पद

माझं काम एका वाक्यात सांगता येत नाही. "संगीत नाटक बसवते," असं म्हटलं की लोक विचारतात, "म्हणजे गाता का?" गात नाही. "मग वाजवता?" तेही नाही. गाणाऱ्यानं कुठून यायचं, कुठे थांबायचं, पद म्हणताना कोणाकडे बघायचं आणि टाळ्या चालू असताना हातांचं काय करायचं, हे मी ठरवते. नाटक संपलं की प्रेक्षक गळ्याची आठवण घेऊन घरी जातात. माझं काही त्यांच्यासोबत जात नाही. त्यामुळे या कामात माणूस संशयी होतो. आपलं म्हणून दाखवायला हातात काही नसतं, म्हणून कोणी ते उचललं तर ओरडायचं तरी कशाच्या आधारावर?

हे काम मी अमरावतीत सरांच्या हाताखाली शिकले. कॉलेजात असताना त्यांच्या नाटकांना मी प्रॉम्प्टिंग करायची. पुढे मुंबईत एका परदेशी मंडळीचा ऑपेरा उभा राहत होता, तिथे काही महिने साहाय्यक म्हणून राबले. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत सगळं गाण्यात. एकही बोललेला संवाद नाही. तिथून परतताना डोक्यात एकच होतं, असं एक नाटक वऱ्हाडीत करायचं. सरांना सांगितलं तेव्हा ते हसले. म्हणाले, "वऱ्हाडी माणूस भांडन गाऊन करन काय? पण कर. मले सांगत जाय."

मी सांगत गेले. दर रविवारी सकाळी फोन. कधी ते म्हणायचे, "हे लांबलं," कधी नुसतं "हूं."

नाटक अकोल्यात उभं राहिलं. एका बंद पडलेल्या जिनिंगची, कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याची, गोष्ट होती. मशिनी विकल्या गेल्या, मजूर पांगले, पण चौकीदार रोज फाटकावर येऊन बसतो, एवढीच. चौकीदाराचं काम करायला मला एक सरकारी कचेरीतला कारकून मिळाला. वडिलांच्या गायन पार्टीत, जयंतीच्या कार्यक्रमांत गाऊन तयार झालेला गळा. माईक नसला तरी मैदानाच्या टोकाला ऐकू जाईल असा. त्याच्या बायकोचं काम पातूरकडची एक बाई करायची. घरचा फुलांचा मळा, सकाळी फुलं बाजारात पोचवून ती दिवसभर गाण्याच्या शिकवण्या घ्यायची आणि संध्याकाळी तालमीला यायची. तिच्या ओढणीला तालमीतसुद्धा शेवंतीचा वास असायचा.

मशिनींच्या आवाजासाठी मला वाद्यं नको होती. कोरसमधल्या सगळ्यांच्या हातात मी तेलाचे रिकामे डबे दिले आणि गाता गाता ते बोटांनी वाजवायला लावले. आधी सगळे हसले. मग एका संध्याकाळी ते असं जमलं की ज्या शाळेत तालीम चालायची तिथला शिपाई आत डोकावून म्हणाला, "जिन चालू झाली काय?"

त्याच आठवड्यात कोणीतरी मला मोबाईलवर एक व्हिडिओ पाठवला. अमरावतीच्या एका मंडळाची तालीम. तेही गाण्याचं नाटक करत होते, कापूस मार्केटमधल्या एका हमालावर. दिग्दर्शक तरुण होता, चार-सहा वर्षांत नाव झालेला. व्हिडिओत कोरस अर्धगोलात बसला होता आणि प्रत्येकाच्या मांडीवर तेलाचा डबा होता. बोटांनी वाजवत होते.

मी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. डबा धरायची तऱ्हासुद्धा तीच, तोंड बाहेरच्या बाजूला.

दुसऱ्या दिवसापासून मी तालमीत गाणं ऐकणं सोडून माणसं न्याहाळायला लागले. कोण फोन कसा धरतो, चहाच्या वेळी कोण बाहेर जाऊन बोलतो. मी आले की कोणाचं बोलणं थांबतं. एकदा शंका घरात शिरली की पाहुण्यासारखी राहत नाही, स्वयंपाकघरापर्यंत जाते. पेटीवाला माझ्याकडे बघून हसला तरी मला वाटायचं, हा काहून हसला?

माझी नजर शेवटी चौकीदारावर थांबली. तो दर गुरुवारी तालीम बुडवायचा. "घरचं काम हाय, मॅडम," एवढंच सांगायचा. आणि कोरसमधली एक मुलगी सहज बोलून गेली, "चौकीदारकाकाले मी परवा अमरावतीले राजकमल चौकात पाह्यलं. तोंडाले दुपट्टा बांधून चालले होते." एप्रिल महिना होता. एप्रिलमध्ये वऱ्हाडात कोण तोंडाला दुपट्टा बांधत नाही? पण तेव्हा मला तो दुपट्टा उन्हाचा वाटला नाही.

मी त्याला विचारलं नाही. विचारलं असतं तर गोष्ट तिथेच मिटली असती. पण मला पुरावा हवा होता. शेवटचा प्रवेश अजून बसवायचा होता. सगळ्यांसमोर मी सांगितलं, "शेवटी चौकीदार फाटकापुढे जमिनीवर बसेल, कंदील विझवेल आणि समोर बघत पद म्हणेल." खरा शेवट मी मनातच ठेवला. चौकीदार प्रेक्षकांकडे पाठ करेल आणि गात गात मागच्या उघड्या फाटकातून आत जाईल. आपल्याकडे संगीत नाटकात पद म्हणजे गायकानं पुढे यायचं, दिव्यात उभं राहायचं, वन्समोअर घ्यायचा. लोकांकडे पाठ करून गाणारा मी पाहिला नव्हता. हे मी अकोल्यात कोणालाच बोलले नाही. अमरावतीच्या नाटकात हा बसून गाण्याचा शेवट दिसला तर चोर आमच्यातच, असा माझा हिशोब होता.

तालमीत चौकीदारानं तो खोटा शेवट मन लावून धरला. बसताना गुडघ्यावर हात टेकवायची एक पद्धत त्यानं स्वतःच काढली. फुलवाली बाई मला म्हणाली, "किती खरं करतात ते." मी म्हटलं, "हो," आणि त्याच्यावरची नजर हलवली नाही.

अमरावतीचा प्रयोग आमच्या आधी होता. मी तिकीट काढून मागच्या रांगेत बसले. नाटक वाईट नव्हतं, हे कबूल करायला मला त्रास झाला. डब्यांच्या प्रवेशाला टाळ्या पडल्या. शेवट आला तेव्हा मी खुर्चीत पुढे सरकून बसले. हमाल मंचाच्या मध्यावर उभा राहिला. बसला नाही. त्यानं आमच्याकडे पाठ केली आणि गात गात, एकेक पाऊल टाकत मागच्या काळोखात गेला. टाळ्या तो दिसेनासा झाल्यावरच पडल्या.

आधी मला काहीच कळलं नाही. हा शेवट तर मी चौकीदाराला सांगितलाच नव्हता. अकोल्यात मी कोणालाच सांगितला नव्हता.

मग पडदा पुन्हा उघडला. तो तरुण दिग्दर्शक विंगेत गेला आणि एका म्हाताऱ्या माणसाला हाताला धरून घेऊन आला. "हे नाटक ज्यांनी घडवलं," असं काहीतरी तो म्हणाला. सर होते. पांढरा कुर्ता, गळ्यात हार. ते प्रेक्षकांकडे हात जोडून उभे होते. मी उठले आणि दिवे लागायच्या आत बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या घरी गेले. काकूंनी दार उघडलं, नेहमीसारखं पाणी दिलं. सर पेपर वाचत होते.

"काल आली होती ना तू," ते म्हणाले. "मले वाटलंच. मांगं बसली होती."

"सर, तो शेवट माझा होता. डबेही माझे होते. रविवारी फोनवर मी तुम्हालाच सांगितलं होतं."

त्यांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला. रागावले नाहीत, ओशाळलेही नाहीत.

"पोरगा मले विचारत होता, सर, इथं काय करू. माह्या डोक्यात जे आलं ते मी सांगतलं. कोनापासून आलं हे आता ह्या वयात मले कुठी समजते?"

"तुम्ही त्यांच्यासोबत काम करताय हे मला एकदाही सांगितलं नाही."

"तू विचारलं कुठी? तू सोताचंच सांगत होती." मग म्हणाले, "अन् पाठ करून गानं तुहं कसं काय, बेटा? मी केलं होतं ते. तू प्रॉम्प्टिंगले होती. मांगच्या पडद्याले एक छेद होता, तिथं बसत होती तू. तो गायक तुह्याकडेच चालत आला होता गात."

मी "नाही" म्हणणार होते. पण एक चेहरा मला आठवत होता. घामानं चमकणारा, गाताना ताणलेल्या मानेचा, सरळ माझ्या दिशेनं येणारा. तो प्रयोगातला होता की तालमीतला, ते आठवत नव्हतं. तालमीत गायक कुठेही तोंड करून गातात. सरांना खरंच आठवत होतं, की मी अडखळावं म्हणून त्यांनी तिथल्या तिथे रचलं? त्यांच्या चेहऱ्यावरून मला काही वाचता आलं नाही. माणसाच्या चेहऱ्यावर काय दिसू द्यायचं, हेच तर ते जन्मभर शिकवत आले.

काकू चहा घेऊन आल्या. मी तो प्यायले आणि एसटीनं अकोल्याला परत आले.

संध्याकाळी तालमीआधी चौकीदाराला बाजूला घेतलं. "गुरुवारी अमरावतीला कशाला जाता?" शेवटी विचारलं.

त्यानं आजूबाजूला कोणी नाही ना ते पाहिलं. मग गळ्यावर बोट ठेवलं. "इथं गाठ हाय, मॅडम. आवाजाच्या पडद्यावर. तिथल्या डाक्टरकडे जातो. अकोल्यात गेलो असतो त चार दिवसांत सगळ्याईले समजलं असतं."

"मला का नाही सांगितलं?"

"सांगतलं असतं त तुमी मले काढलं असतं."

ते खोटं नव्हतं. प्रयोग तोंडावर असताना आजारी गळ्यावर मी नाटक टाकलं नसतं.

"तुमी माह्यावर नजर ठेवून होत्या, हे मले समजत होतं," तो पुढे म्हणाला. "मले वाटलं, गळ्याचं तुमाले कळलं."

म्हणजे इतके दिवस तो मला घाबरत होता आणि मी त्याला. त्याला मी खरा शेवट सांगितला. त्यानं एकदा करून पाहिला. पाठ करून गाताना आवाज पुढे आणायला त्याला जोर लावावा लागत होता. दुसऱ्या ओळीला तो खोकला. डॉक्टरांनी जोर लावायचा नाही असं बजावलं होतं. शिवाय तो शेवट आता अमरावतीनं करून टाकला होता. कोणी म्हटलं असतं, अकोल्यानं उचलला, आणि मी कोणाकोणाला समजावत बसले असते?

"बसून गातो ना मी," तो म्हणाला. "माह्यं बसलेलं हाय ते."

प्रयोगात तो बसूनच गायला. कंदील विझवला, गुडघ्यावर हात टेकवला आणि जोर न लावता, जवळजवळ बोलल्यासारखं पद म्हटलं. मी विंगेतून लोकांकडे बघत होते. पुढच्या रांगेतला एक म्हातारा, बहुधा जिनिंगमधलाच, डोळे पुसत नव्हता की हलत नव्हता, नुसता बघत होता. फुलवाली बाई माझ्या शेजारी उभी राहून रडत होती. मी जो शेवट कोणाला तरी पकडण्यासाठी रचला होता, तोच नाटकाचा शेवट झाला. लोकांना आवडला. पण तो माझ्यापेक्षा त्याचाच होता. गुडघ्यावरचा हात तर मी सांगितलाही नव्हता.

त्याची गाठ पुढे औषधांनी आणि बऱ्याच महिन्यांच्या मौनानं उतरली. तो आता गातो, पण थोडं खालच्या पट्टीत. आम्ही पुन्हा एकत्र काम केलं. त्याचा माझ्यावर पूर्ण विश्वास बसला आहे असं मला वाटत नाही, आणि मी तसा आग्रहही धरत नाही.

सरांना मी रविवारी फोन करणं बंद केलं. कधीमधी त्यांचाच येतो. "काय करून राहिली?" ते विचारतात. मी म्हणते, "काही नाही, उन्हानं जीव हैराण आहे." ते काकूंच्या गुडघ्यांचं सांगतात. तालमीचा विषय मी काढत नाही, तेही काढत नाहीत.

मात्र तालमीत काही नवं सुचलं की मला पूर्वीसारखा आनंद होत नाही. आधी मी थांबते आणि आठवून बघते, हे मी कुठे पाहिलं होतं का. बहुतेक वेळा उत्तर मिळत नाही. समोर गाणारे उभे असतात, पुढे काय म्हणून माझ्याकडे बघत असतात. मग मी सांगते, "तू डावीकडून ये."