पाटीवरच्या बाईची ओटी

नवरात्राची दुसरी माळ होती. ठाण्याच्या गावदेवीपुढे हात जोडून मी डोळे मिटले, आणि देवीऐवजी डांबराने माखलेलं एका बाईचं तोंड दिसलं. डोळे उघडून पुन्हा मिटले, तरी तेच. देवीने माझ्याकडे पाठ फिरवली, असं मनात आलं. हे मी घरी आईलाही सांगितलं नाही. सांगणार काय? ते डांबर मीच फासलं होतं.

स्वातंत्र्य येऊन काही वर्षं झालेली. मी शाळेत मास्तर, वय बावीस, आणि पत्रकं काढण्याची भारी हौस. त्या दिवसांत भिंतींवर, कॅलेंडरांवर, तेलाच्या बाटल्यांवर जिकडेतिकडे उघड्या अंगाच्या बाया दिसू लागल्या होत्या. माल कुठलाही असो, पुढे बाईचं अंग. मला याची चीड होती, आजही आहे. देवळाच्या वाटेवर एका किराणा दुकानाच्या भिंतीला साबणाची पत्र्याची पाटी लावलेली. त्यावर न्हाणारी बाई, अंगावर फेसापलीकडे काही नाही. ओटी भरायला निघालेल्या बायका तिच्यापुढून पदर ओढून, मान खाली घालून जायच्या. मी तीन पत्रकं छापली आणि नेऊन त्या दुकानाच्या शेटजींच्या हातात दिली. ते वाचून म्हणाले, "मास्तर, बायका खाली बघून जातात, मी तर भिंतीच्या आत बसतो. रोज निरखून बघणारे तुम्ही एकटेच की." गिऱ्हाइकं हसली. घटस्थापनेच्या पहाटे मी डांबर आणि कुंचा घेऊन गेलो. रागाचा पहिला हात तोंडावर पडला. तेवढ्यात कुणाची तरी कडी वाजली आणि मी पळालो.

म्हणजे मी काय केलं? अंग होतं तसंच राहिलं, तोंड तेवढं काळं झालं. तरी शाळेत मी छाती काढून फिरत होतो. दर्शनाला गेलो की मात्र ते तोंड समोर उभं राहायचं. दुसरी माळ, तिसरी, चौथी. शेटजींचा टोमणा आता टोचू लागला, कारण त्यात खोटं काही नव्हतं. माझी चीड खरी होती, पण ती पाटी मी जरा जास्तच वेळ पाहिली होती, आणि स्वतःवरचा तो राग त्या चित्रातल्या बाईवर काढला होता. हे कळलं तरी वाट सुचेना. "आई, आता तूच बघ," एवढंच म्हणून चौथ्या दिवशी मी घरी आलो. याआधी मी देवीला कधी काही मागितलं नव्हतं. उलट तिच्यासाठी मी लढतोय, असाच माझा समज होता.

ललितापंचमीला सकाळी निघालो, तर दुकानापुढे उलट्या टोपलीवर एक म्हातारी उभी. कोलशेतच्या मिठागरावरची असावी. मिठाने पाय भेगाळलेले, लुगडं गुडघ्यापर्यंत. घासलेटच्या चिंधीने ती पाटीवरचं तोंड पुसत होती.

मी धावलो. "आजी, काय करताय? ते मुद्दाम काळं केलंय."

"कनी?"

"मी."

तिने वळून मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "शिकलेला दिसतंस. हिनी तुझा काय वाईट केला रं?"

"आजी, ती उघडी आहे."

"ता मना पन दिसतंय. डोले हायत मना. साबन इकनारा वेगला, चित्र काढनारा वेगला, नि तोंड काला झाला हिचा. बाई उघडी असली तं तिला झाकाची, का माराची?"

तोंड स्वच्छ झाल्यावर तिने कनवटीचा खण सोडला. देवीसाठी आणलेला, हिरवा, नवा. तो उलगडून तिने पाटीच्या दोन बाजूंच्या खिळ्यांना बांधला. बाई खांद्यापासून खाली झाकली गेली. मग कुंकू लावलं आणि पाटीच्या पायथ्याशी मूठभर तांदूळ ठेवून नमस्कार केला.

"आता देवीला काय देणार?" मी विचारलं.

"दिला ना," ती म्हणाली, आणि टोपली उचलून चालू लागली. नाव विचारायचं मला सुचलंच नाही.

मी तिथेच खिळलेलो. देवळाकडे निघालेली एक बाई थांबली, पाटीकडे वर पाहिलं, आणि हळद-कुंकू लावून गेली. मग दुसरी. या रस्त्यावर मान वर करून चालणाऱ्या बायका मी पहिल्यांदा पाहत होतो. शेटजी आले, खण ओढायला हात वर नेला आणि तसाच खाली घेतला. नवरात्रात ओटीच्या खणाला हात घालायचा कुणी? दुपारी त्यांनी गड्याला बोलावून खणासकट पाटी उतरवली. माझ्या तीन पत्रकांनी आणि बादलीभर डांबराने जे झालं नाही, ते हातभर कापडाने झालं.

संध्याकाळी देवीपुढे भीत भीत डोळे मिटले. देवी दिसली. मुखवटा, नथ, कपाळावरचा मळवट, सगळं जसंच्या तसं. मी रडलो, किती वेळ ते आठवत नाही.

हा योगायोग म्हणणाऱ्याशी मी वाद घालणार नाही. पत्रकं मी अजून काढतो, आणि कडक काढतो. पण ती आता माल विकणाऱ्याच्या नावे असतात. चित्रातल्या बाईबद्दल त्यात मी एकही वाईट शब्द लिहीत नाही. आई, तुझी बाजू लढवायला निघालो होतो. तूच मला आवरलंस.