ताईने खाली घेतलेला दिवा

आमची ताई सिनेमात दिवे लावते. खरे नव्हेत, कॉम्प्युटरवर बनणाऱ्या ॲनिमेशनच्या सिनेमातले. मीही तेच करते, पण व्हिडिओ गेममध्ये. त्यामुळे पाहुणे आले की आई एका दमात ओळख करून द्यायची, "थोरली सिनेमा करते, धाकटी खेळते." पाहुणे हसायचे. माझं पोटातलं दुखणं मात्र ते गेल्यावरही थांबायचं नाही.

ताईचं काम चिकाटीचं. तिच्या सिनेमातलं एकेक चित्र तयार करायला कॉम्प्युटरला नऊ-नऊ तास लागायचे. ती दिवा वीतभर सरकवायची, चित्र बनायला लावायची आणि विणकाम काढून बसायची. उजेड नेमका कसा पडला ते दुसऱ्या दिवशी कळायचं. चुकला की पुन्हा नऊ तास. दर सिनेमामागे घरात एक स्वेटर यायचा. मलाही मिळाले, आणि मेले मापातही बसायचे.

गेममध्ये वाट बघायची सोयच नाही. खेळणारा मान वळवेल तिकडचं चित्र त्याच क्षणी तयार लागतं, सेकंदाला साठ. म्हणून आमचे चेहरे मेणाचे आणि सावल्या कातरून चिकटवल्यासारख्या. ताई बघायची आणि म्हणायची, "बरं आहे." वीस वर्षांत 'छान' म्हणून काही तिच्या तोंडून निघालं नाही. मला तो एक शब्द हवा होता.

मग आमची यंत्रं सुधारली. यंदा तिच्याच स्टुडिओनं मला विचारलं, सिनेमा तुमच्या पद्धतीनं करता येईल का? नमुना पसंत पडला तर पुढच्या सिनेमाच्या प्रकाशयोजनेची प्रमुख मी होणार होते. म्हणजे ताई माझ्या हाताखाली. खोटं कशाला बोलू, या विचारानंच मला दोन घास जास्त जायला लागले.

सहा महिने खपून मी एक खोली केली. त्यात टेबल, दिवा आणि बटण लावत बसलेला म्हातारा शिंपी. शनिवारी ताईला बोलावलं. शिंप्याच्या कानाच्या पाळीतून झिरपणारा तांबूस उजेड ती बराच वेळ बघत होती.

"किती तास लागले याला?"

"तूच दिवा हलवून बघ."

तिनं दिवा थोडा डावीकडे घेतला आणि सवयीनं पिशवीतून सुया आणि लोकर काढली.

"ताई, झालं."

"काय झालं?"

"चित्र. झालं तयार."

तिनं वर बघितलं. सावली केव्हाच सरकली होती. ताईचा चेहरा पडला. असा चेहरा मी आरशात इतक्यांदा पाहिलाय की ओळखायला वेळ लागला नाही. ताई माझ्यावर जळत होती. मला झाला तो निव्वळ आनंद, आणि तो टिकला जेमतेम दहा मिनिटं.

कारण ताईनं सुया पिशवीत टाकल्या आणि खुर्ची पुढे ओढली. दिवा हलवला, नाही पटला, पुन्हा हलवला. असं चाळीसेक वेळा. एरवी तिला चाळीस दिवस लागले असते. शेवटी तिनं दिवा टेबलाच्या कडेपर्यंत खाली घेतला. शिंप्याचा चेहरा अंधारात गेला, उजेडात राहिले फक्त हात आणि बटण. त्या म्हाताऱ्याला आता नीट दिसत नाही, हे बघताक्षणी कळत होतं. सहा महिन्यांत मला हे सुचलं नव्हतं. यंत्रानं मला तिच्या बरोबरीला आणलं असं मी समजत होते, आणि त्यानं तर तिचेच हात मोकळे केले होते.

निघताना ती दारात थांबली. "छान आहे गं."

मी मान वर केली.

"तुझं यंत्र," ती म्हणाली.

ती गेल्यावर दिवा पुन्हा माझ्या जागी न्यायला एक कळ पुरे होती. माझं बोट त्या कळीवर बराच वेळ होतं.

सोमवारी तिच्या स्टुडिओतल्या साहेबांनी चित्र बघितलं आणि चष्मा सावरून पुन्हा बघितलं.

"दिवा असा खाली कुणी घेतला?"

"माझ्या बहिणीनं," मी म्हणाले.

त्यांना ऐकू आलं नाही. मला दुसऱ्यांदा सांगावं लागलं.