देखरेख करणाऱ्याची सही
माझ्या नातीच्या एका निबंधाचं डहाणूत अजून कौतुक होतं. तो निबंध मी लिहिला होता आणि त्यातलं एकही वाक्य खरं नव्हतं. आता वय झालं, सांगून टाकतो.

नात नववीत गेली तेव्हा एका ऑनलाइन मार्गदर्शनात बाईंनी सांगितलं, परदेशातल्या विद्यापीठांना नुसते मार्क पुरत नाहीत. समाजसेवा लागते, तीही आतापासून, तासांच्या नोंदीसकट. मी निवृत्त मास्तर. कितीतरी वर्षांनी कुणीतरी मला गृहपाठ दिला होता. त्याच संध्याकाळी फाइल आणून पानांवर लाल रेघा मारल्या. माझा स्वतःचा कॉलेजचा अर्ज शेवटच्या दिवशी, मित्राच्या पेनाने, भलत्याच शाखेसाठी भरला गेला होता, हे मात्र नातीला सांगितलं नाही.

समाजसेवेसाठी मी झरी हे गाव निवडलं. तलासरीच्या बाजूला नोकरीला होतो तेव्हाची माझी एक विद्यार्थिनी तिथे दिलेली. आता शेतात भात आणि नागली, म्हणजे नाचणी, पिकवते. दर रविवारी एसटीने जायचं, नातीने तिथल्या बायकांना लिहायला शिकवायचं आणि मी खाटेवर बसून तास मोजायचे, अशी योजना.

"गुरुजी, आवणी चालू आहे. आता पाटी घेऊन कोण बसणार?" असं म्हणून त्या विद्यार्थिनीने भाताच्या रोपांची जुडी नातीच्या हातात दिली. "ये गं पोरी. आजोबांना राहू दे बांधावर. चिखलात रुतले तर काढायला बैल लागेल."

नात आवणी, म्हणजे भाताची लावणी, शिकली. नागलीची भाकरी थापायला शिकली. पहिली भाकरी कुत्र्याने हुंगून सोडली. घरी येऊन तिने हे सगळं जसंच्या तसं लिहिलं. मी वाचलं आणि जुनी खोड जागी झाली. आमच्या वर्गात निबंध मास्तर सांगत, मुलं उतरवून घेत, पाठ करत आणि परीक्षेत ओतत. मी नातीला समोर बसवून सांगू लागलो, "अंगठा उठवणाऱ्या अडाणी बायकांच्या हाती मी लेखणी दिली..."

"आजोबा, असं झालं नाही."

"निबंधात होतं," मी म्हणालो.

फाइलमधल्या 'देखरेख करणाऱ्याची सही' या रकान्यातही दर रविवारी माझीच सही.

निबंध शाळेच्या वार्षिक अंकात छापून आला. मी इतका हुरळलो, की नातीला घेऊन तो दाखवायला झरीला गेलो. माझ्या त्या विद्यार्थिनीने हात पुसले आणि अंगणात उभं राहून निबंध मोठ्याने वाचला. कुठेही न अडखळता. ती निम्म्यावर आली तेव्हा माझ्या लक्षात आलं, मी काय घेऊन आलोय.

"गुरुजी, मी अंगठा कधी उठवला?" ती हसतच म्हणाली. "सातवी तर तुमच्याच वर्गात पास झाले."

नात हसली नाही. परतीच्या एसटीत ती दोन सीट पुढे बसली. त्यानंतर तिने लिहिलेला एकही कागद मला दाखवला नाही.

यंदा ती बारावीत आहे. अर्ज तोंडावर आलाय आणि मार्गदर्शक बाई म्हणतात, छापलेला निबंधच जोडा.

नातीने मला विचारलं, "तो मी लिहिला नाही, असं शाळेला कळवणार आहे. आजोबा, त्यात तुमचं नाव येईल. चालेल?"

चालेल म्हणालो. पण त्याआधी चहाचा दुसरा कप मागून संपवला, हेही लिहून ठेवतो.

गेल्या रविवारी आम्ही झरीला गेलो. नातीने नवी वही केलीय, तिथे काय काय शिकली त्याची. माझ्या विद्यार्थिनीने शेवटच्या रकान्यात सही केली, माझ्याहून वळणदार. हे वळण माझ्याच वर्गातलं, असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं, मिटलं. मग पाठ करून आणलेली माफी सुरू केली. दुसऱ्याच वाक्याला तिने माझ्या हातात जुडी ठेवली.

"उतरा आता, गुरुजी. बैल जवळच बांधलाय."