बेचाळीस लाल प्लेटा

सुरतजवळच्या कामरेजमधल्या एका वर्कशॉपात उज्ज्वला मापं घ्यायचा व्हर्नियर घेऊन शिरली तेव्हा बावीस वर्षांची होती. वडील डिंडोलीजवळ लूमवर कामाला. आठ वर्षांत ती सीएमएमपर्यंत पोहोचली, म्हणजे बारीक लाल मण्याच्या टोकाने वस्तूला ठिकठिकाणी स्पर्श करून कॉम्प्युटरवर नेमकी मापं देणाऱ्या मशीनपर्यंत.

त्या गुरुवारी मशीनने अठ्ठेचाळीसपैकी बेचाळीस प्लेटा नापास केल्या. प्रत्येकीत एकच स्लॉट, म्हणजे लांबट खाच, आणि पडद्यावर त्याची जागा चुकल्याचा लाल आकडा. माल न्यायला चारला टेम्पो येणार होता.

स्लॉट पाडणारे खानदेशातले सुकदेवकाका दारातच थबकले. एकोणीस वर्षांची नोकरी, पण चेहरा पार उतरलेला.

"पोरी, मनंच चुकनं का वं?"

"काका, जरा दम धरा. ड्रॉइंग बघू द्या."

ड्रॉइंगमध्ये शंभर मायक्रॉनचं, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाचं, कडक बंधन स्लॉटच्या रुंदीच्या दिशेने होतं. मधल्या रेषेपासून पन्नास इकडे, पन्नास तिकडे. लांबीच्या दिशेने भरपूर सूट होती. तिने पहिल्या प्लेटचे आकडे उघडले. स्लॉट रुंदीकडे वीस मायक्रॉन सरकलेला, लांबीकडे ऐंशी. मग ही नापास कशी? तिने मशीनचा प्रोग्रॅम उघडला. प्रोग्रॅम करून देणाऱ्या बाहेरच्या माणसाने तो गोल भोकांच्या जुन्या कामावरून उचलला होता. भोकाला चहूकडून सारखंच बंधन असतं, म्हणून मशीन लांबीकडचं सरकणंही चूक म्हणून मोजत होतं!

ती धावतच मालकाकडे गेली. "जिग्नेशभाई, प्लेटा नाही, प्रोग्रॅम चुकलाय!"

"बेन, पक्कुं? माल परत आला तर नाक कापलं जाईल."

"पार्टीच्या इंजिनिअरला ड्रॉइंगचं विचारा. त्यांनी हो म्हटलं की मी बेचाळीसच्या बेचाळीस परत मोजते."

इंजिनिअरने तिचंच म्हणणं बरोबर ठरवलं. तिने प्रोग्रॅम सुधारला, आणि हिरवे आकडे यायला लागले. एक, पाच, बारा! सुकदेवकाका मोठ्याने मोजू लागले. लेथवरची माणसंही मशीनच्या खोलीच्या काचेला नाक लावून उभी राहिली.

एकतिसावी मात्र पुन्हा लाल झाली. उज्ज्वलाने ती पुसून तीनदा मोजली. रुंदीकडे सत्तर. काकांनीच प्लेट उचलली.

"हाई मनी चूक शे. ठेव बाजूले."

पावणेचारला सत्तेचाळीस प्लेटा टेम्पोत चढल्या. जिग्नेशभाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं, "आजपासून प्रोग्रॅम बाहेरून नाही. उज्ज्वलाबेन बनवणार."

तिने तिथूनच आईला फोन लावला. सगळं एका दमात सांगून टाकलं, मायक्रॉनसकट. मालतीबाईंना त्यातलं निम्मंच कळलं.

"तू मशीनले खोटं पाडं?"

"हो गं आई!"

पलीकडून मालतीबाईंनी शेजारणीला मारलेली हाक अख्ख्या वर्कशॉपला ऐकू आली.