काळ्या दगडाचे काका

पोळ्याच्या आदल्या दिवशी, सकाळी अकरा वाजता, आमच्या गावातल्या एका भाजीवाल्या काकांवर अन्याय झाला. त्यांनी जन्मभर जपलेला वीरगळ गावच्या सौंदर्यीकरण समितीने अर्ध्या तासात धुऊन काढला. तेवढा वेळ दोघांनी काकांचे दंड धरून ठेवले होते.

हा वीरगळ म्हणजे मारुतीच्या देवळापाशी उभा असलेला कमरेएवढा काळा दगड. त्यावर लढताना पडलेला एक गडी, त्याचा घोडा, दोन गाई आणि खाली कुणालाच धड वाचता न आलेली अक्षरांची एक ओळ. रोहण्याच्या बाजारात वांगी न्यायच्या आधी काका रोज त्याला उलटा हात लावून बघत, पोराचा ताप बघावा तसा. "ओला हाये आज," म्हणत आणि त्या दिवशी कुणालाही जवळ फिरकू देत नसत.

कुणी बाई दुधाचा तांब्या घेऊन आली की बादली पुढे करत. "वहिनी, यात टाका. दगडाले दूध पाजलं तं बुरशीचं बाळंतपण होते."

"देवाले उपाशी ठेवता का हो भाऊजी?"

"तो लढून मेला. उपाशी नाई मेला."

काकांनी पुरातत्त्वाचं पुस्तक उघडलेलं नव्हतं. त्यांचं सगळं शास्त्र काकडीच्या वेलावरचं. "भुरी कवा येते? ओल राह्यली, हवा नाई लागली का. दगडाचंही तेच हाये." म्हणून दगडावर टपटपणारी उंबराची फांदी त्यांनी छाटली, देवळाच्या नळाचं पाणी बाजूने जावं म्हणून नाली खोदली. दगड वाळला की दाढीच्या जुन्या ब्रशाने धूळ झटकायचे, बस. एकदा एक जण त्यावरचं दगडफूल मटणाच्या मसाल्यासाठी चाकूने खरवडायला बसला. काका ओरडले, "अबे, दगडाचं कातडं निघून येईन! बाजारातून पुडी आण ना, कंजूस!"

मी तेव्हा पत्रकं काढायचो. एकाचं शीर्षक होतं, 'वीरगळाची स्वच्छता झालीच पाहिजे!' काकांनी ते दोनदा वाचलं. "पोरा, 'राखण' लिही. स्वच्छता म्हटलं का लोकाले ॲसिडच आठवते." मी हसलो. पत्रकं छापून आली होती.

समितीचे अध्यक्ष गाड्या धुण्याचं दुकान चालवतात. वारसा जपण्याची त्यांची पात्रता तेवढीच, पण ती त्यांना पुरेशी वाटते. त्या दिवशी ते पंप घेऊनच आले, आणि माझं पत्रक हातात नाचवत.

"काका, सरका. उद्या पाहुणे येऊन राह्यले. हा काळाकुट्ट दगड दाखवू का त्याहिले?"

"अरे, तो जन्माचाच काळा हाये बे!"

लोक हसले. मग संडासाचं ॲसिड, मग पंपाची धार, आणि दुपारी सोनेरी ऑइलपेंट. अक्षरं गेली. गड्याचं नाक गेलं. तो घोडा आहे की गाढव, यावर आता गावात दोन मतं आहेत. पाऊस संपेस्तोवर रंगाला फोड आले. एक फोडला तर आत हिरवीगार ओल. समितीचा उपाय तयार आहे: रंगाचा दुसरा हात.

काका आता पिपरी मेघेला लेकीकडे राहतात. मी भेटायला गेलो तेव्हा शिव्या खायची तयारी ठेवून गेलो होतो. त्यांनी चहा पाजला आणि एकच विचारलं.

"धुऱ्यावरच्याले हात नाई लावला ना?"

काकांच्या वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, दुसरा वीरगळ आहे. लहान, पण अक्षरं शाबूत. तो उचलून देवळापाशी आणायचा आणि पहिल्यासारखाच 'चमकवायचा' असा ठराव येत्या ग्रामसभेपुढे आहे. हे मी काकांना सांगितलं नाही. हिंमत झाली नाही.

गावकऱ्यांनो, तुम्हाला सांगतो. तुम्ही तेव्हा तिथे होता, माझ्यासारखेच हात बांधून. ग्रामसभेला या. ठराव वाचला की सवयीने हात वर करू नका. उभे राहा आणि विचारा, "पुरातत्त्व खात्याचा कागद कुठे आहे?" आणि कागद दिसेपर्यंत खाली बसू नका.