नको त्या वाटेवरची डहाळी

आमच्या चंद्रपूरकडच्या सावली तालुक्याच्या जंगलात वाट फुटते तिथे पुढचा माणूस, ज्या वाटेने जायचं नाही तिच्यावर हिरवी डहाळी आडवी टाकतो. मागच्याला कळतं, इकडून नाही. हे कोणी शिकवत नाही.

कोकणात मासेमारीच्या बोटीवर कामाला निघायच्या आदल्या दिवशी मी आजोबांच्या धाकट्या भावासोबत बांबू आणायला गेलो. पंच्याऐंशीचा म्हातारा, पण पाय धड. माझा भाऊ मागून येत होता, म्हणून फाट्यावर मी डहाळी टाकली. म्हाताऱ्याने ती भिरकावलीच.

"कोणाले सांगून राह्यला रे हे?"

"भाऊ येऊन राह्यला ना मागून, आबाजी."

"मंग थांब न इथी! तोंड नाई तुले?"

भाऊ आला, त्याला पुढे धाडलं आणि म्हातारा खालीच बसला. तो इंग्रजांच्या फौजेत होता. महायुद्ध संपल्यावरही ब्रह्मदेशाच्या जंगलात लपलेले जपानी शोधायला त्याची तुकडी ठेवून घेतली होती. गावात त्याला चिडवत, "लढाई सरल्यावर लढाले गेलता!" तो हसायचा. त्या दिवशी हसला नाही.

"मी पुढं होतो. बोलाचा हुकूम नव्हता. फाटा आला, हात गेलाच, टाकली डहाळी. मागं कोकणातला पोट्टा. त्याले वाटलं, खूण ठेवली म्हणजे याच वाटेनं याचं. गेला. दोन गोळ्या वाजल्या."

साहेबाने विचारलं तेव्हा हा बोलला, तो वाट चुकला.

"चुकला नाई तो. म्या धाडला त्याले. तू तिकडंच चालला, त्याच्या घरी सांग. मी मराच्या आधी सांग."

गावाचं नाव त्याने माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं. मी सातवीत शाळा सोडलेला, चंद्रपूरच्या पुढे न गेलेला. हो म्हणालो.

बोटीवर गावच्या तळ्यात शिकलेल्या मासेमारीचं काहीच कामी येईना. भाषा मराठीच, तरी माझ्या बोलण्याला सगळे हसत. तीन महिन्यांनी त्या गावी गेलो. शिपायाची धाकटी बहीण होती, सत्तरीपुढची. भाऊ जपान्यांवर चालून जाताना पडला, असं तिला सांगण्यात आलं होतं. मी कोणाच्या घरचा, हे ऐकताच तिने हात धरला.

"माझ्या भावासोबतच्या माणसाच्या घरचा तू? जेवल्याबिगर जायाचं नाय."

घर सोडल्यापासून कोणी मला बसवून वाढलं नव्हतं. मी जेवलो. भात संपेपर्यंत सांगू म्हणालो, मग हात धुतल्यावर, मग उंबऱ्यावर. नाही सांगितलं.

घरी फोन केला. म्हाताऱ्याने दम धरून विचारलं, "सांगतलं?"

"सांगतलं, आबाजी."

"मंग? काय म्हणे ते?"

"जेवल्याशिवाय जाऊ नको म्हणे."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला आणि फोन वहिनीच्या हातात गेला. त्याच पावसाळ्यात म्हातारा गेला. शेवटी शांत झोपत होता म्हणे.

आता ती बाई नव्वदीला आली. माझ्या लग्नात आईच्या जागी तीच उभी होती, माझ्या पोरीचं नावही तिनेच ठेवलं. या परक्या मुलखात माझं जे काही आहे ते तिच्या दारातून आलं. दर दिवाळीला सांगायचं ठरवून जातो. ती पान मांडते, मी बसतो.